बसून प्यायचा चहा

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांना एका मोठ्या हॉटेलात दुपारच्या चहाला नेण्याचं ठरलं. त्याच्या आदल्या रविवारी सोसायटीच्या सभागृहात झालेलं हे भाषण सभासदांच्या आग्रहावरून छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला इथे उभं केलंय ते मी एकतीस वर्षं हॉटेलात नोकरी केली म्हणून. वेटर म्हणून लागलो, कॅप्टन होऊन निवृत्त झालो. कॅप्टन म्हणजे ऑर्डर घेणारा आणि पाच-सहा टेबलांवर नजर ठेवणारा माणूस. आमच्या कामात बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, तेव्हा आज जरा सांभाळून घ्या.

आधी सर्वसाधारण सभेतला मुद्दा. एक सभासद म्हणाले की एवढ्या पैशांत पाण्याच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं. म्हणणं रास्त आहे. टाकी गळते, आणि मी वरच्याच मजल्यावर राहतो. पण पंचवीस वर्षं २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, गणपतीचे सगळे दिवस या सभागृहामागच्या शेगडीवर पातेलंभर चहा कोणी केला? त्या वहिनी, त्या काकू इथे दुसऱ्या रांगेत बसल्यात. आपल्या हिशेबात साखर, दूध आणि पावडर एवढंच दिसतं. त्यांच्या हातात कधी कोणी आयता कप दिल्याचं मला तरी आठवत नाही. ठराव मंजूर झालाय, तेव्हा खर्चाचं मी इथेच सोडतो.

दुसरी अडचण सभेत कोणी बोललं नाही, ती जिन्यात बोलली गेली. "ते काटे-चमचे आम्हाला जमायचे नाहीत, तुम्हीच जाऊन या." चार जणींनी नावं मागे घेतलीत. आजचं माझं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी.

हा दुपारचा चहा आला कुठून? इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमाराला बेडफर्डच्या ड्यूकची बायको, ॲना तिचं नाव, तिला संध्याकाळी चार-पाचला भूक लागायची. मोठ्या घरांतलं रात्रीचं जेवण तेव्हा आठ वाजता असायचं. मग तिने खोलीतच चहा आणि पाव-लोणी मागवायला सुरुवात केली, हळूहळू मैत्रिणींना बोलवायला लागली, आणि त्याची रीत पडली असं सांगतात. म्हणजे मुळात काय, तर दुपारच्या झोपेनंतर आपल्याला जी 'चहाबरोबर काहीतरी' लागतं, तीच भूक. आपण डबा उघडून चिवडा घेतो, तिच्याकडे नोकरचाकर होते.

आपल्याकडे पत्रिकेत 'हाय टी' छापतात. आपल्या सहलीच्या नोटिशीतही तेच छापलंय. 'हाय टी' ही गिरणी-कारखान्यांतून दमून आलेल्या कामगारांची संध्याकाळची पोटभर जेवणाची वेळ. उंच जेवणाच्या टेबलावर, मांस, बटाटे, पाव आणि सोबत चहा. बैठकीच्या बुटक्या टेबलावरचा नाजूक चहा तो 'आफ्टरनून टी'. म्हणजे ज्या शब्दाला आपण उंची समजतो तो कामगारांचा शब्द आहे. मला हे फार आवडतं. नोटीस बदलू नका.

आता टेबलावर काय येतं ते सांगतो, म्हणजे तिथे दचकायला नको. तीन मजली स्टँड येतो. सर्वांत खाली बोटाएवढी सँडविचेस, कडा काढलेली. त्यात काकडीचं हमखास असतं. मधे स्कोन, वर केक-पेस्ट्री. खालून वर जायचं, तिखटमिठाकडून गोडाकडे. स्कोन म्हणजे जाडसर, खुसखुशीत, फारसा गोड नसलेला पाव. तो आडवा उघडायचा आणि प्रत्येक अर्ध्याला साय आणि जॅम लावायचा. इंग्लंडात डेव्हनचे लोक आधी साय लावतात, कॉर्नवॉलचे आधी जॅम, आणि यावरून त्यांच्यात आपल्या पुणे-मुंबईसारखी जुंपलेली असते. तुम्ही कसंही लावा. हे सगळं हातानेच खायचं असतं. काटा लागलाच तर क्रीमच्या पेस्ट्रीला. ज्या काट्या-चमच्यांच्या भीतीने नावं मागे घेतली ते या टेबलावर जवळजवळ नसतातच!

चहाचं मात्र ऐका. तुम्हाला चहाची यादी देतील. दार्जिलिंग मागवलात तर त्यात दूध घालू नका. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा दार्जिलिंग फिक्या सोनेरी रंगाचा आणि हलका असतो, दुधात तो मरून जातो. तीन मिनिटांत किटलीतून ओतायचा, जास्त वेळ ठेवला की तुरट होतो. आपल्या देशात भौगोलिक मानांकन मिळालेली पहिली वस्तू म्हणजे हाच दार्जिलिंग चहा, २००४-०५ साली. तो आपल्या घरांत फारसा येत नाही, तेव्हा एकदा पिऊन बघा. ज्यांना दुधाशिवाय चहा म्हणजे काढा वाटतो त्यांनी आसाम मागवावा, तो चार-पाच मिनिटं मुरू द्यावा आणि वर खुशाल दूध घालावं. आणि आलं-वेलचीचा उकळलेला हवा असेल तर मागा. 'मसाला चाय' म्हणून तोही देतात. मागायला लाजू नका.

मुंबईत अशा चहाची सर्वांना माहीत असलेली जागा म्हणजे ताजमहाल हॉटेलातलं पहिल्या मजल्यावरचं सी लाउंज. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. समोरचं गेटवे ऑफ इंडिया पुरं झालं १९२४ साली, म्हणजे हॉटेल थोरलं आणि गेटवे धाकटं. जमशेटजी टाटांना एका हॉटेलात गोरे नाहीत म्हणून प्रवेश नाकारला, त्या रागाने त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. अभ्यासकांना तिचा भक्कम पुरावा सापडलेला नाही. तरी ती टिकून आहे, कारण दारातून परत पाठवलं जाण्याची भीती आपल्या सगळ्यांच्या पोटात कुठेतरी असते. सी लाउंजच्या खिडकीशी बसून समुद्र बघत कित्येक पारशी आणि गुजराती घरांतली लग्नं ठरली. मुलगा-मुलगी एका टेबलावर, आईवडील दुसऱ्या. आपल्याकडच्या कांदेपोह्यांचंच ते रूप. २६ नोव्हेंबर २००८ ला या हॉटेलावर हल्ला झाला. पाहुण्यांना वाचवताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी प्राण दिले. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली. आम्ही या धंद्यातली माणसं त्या कर्मचाऱ्यांना विसरत नाही.

जेवणाचं थोडक्यात. पुढेमागे मुलंबाळं तुम्हाला मोठ्या हॉटेलात जेवायला नेतील, म्हणून सांगतो. तिथे पदार्थ एकामागून एक येतात. ताटाच्या दोन्ही बाजूंना मांडलेले काटे-सुऱ्या बाहेरून आत वापरत यायचं. बास, एवढाच नियम. हातरुमाल मांडीवर. मधेच उठलात तर तो खुर्चीवर ठेवायचा. काटा-सुरी शेजारी-शेजारी समांतर ठेवली की 'झालं, उचला', फाकवून ठेवली की 'अजून खातोय'. हे कोणाला अवघड वाटत असेल तर त्याने आपलं पान आठवावं. वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद, आणि वाढप्याला थांबवायला पानावर आडवा धरलेला हात. या बायकांनी शंभर पानांची पंगत उठवलीय. त्यांना चार काट्यांचं काय?

एक जोडपं सांगतो. गृहस्थ निवृत्त मास्तर होते, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने पाठवलेलं. मेनू त्यांनी उजवीकडून वाचायला घेतला, आधी भाव मग पदार्थ. दोघांत एक सूप मागवलं. मी ते दोन वाट्यांत वेगवेगळं आणलं. तेवढं कोणताही बरा वेटर करतो. जेवण झालं आणि बाई उठून उभ्या राहिल्या, ताटल्या एकावर एक रचायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, बसा, ते आमचं काम." त्या म्हणाल्या, "अहो, सवय नाही हो बसायची." मास्तर मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी बाईंच्या हातातली ताटली काढून माझ्याकडे दिली, म्हणाले, "हिला आइस्क्रीम आणा. पूर्ण एक."

लोकांना वाटतं, काटा चुकीचा धरला की वेटर आत जाऊन हसतात. आत कोणाला वेळ नसतो. आत बोललं जातं ते चुटकी वाजवून बोलावणाऱ्यांबद्दल. तुम्ही वेटरला नाव विचारलंत, थँक्यू म्हणालात, तर तो तुमचा चहा दोनदा गरम करून आणेल.

बिलाचं कमिटी बघेल, पण माहिती असू द्या. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के जीएसटी लागतो. 'सर्व्हिस चार्ज' वेगळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो परस्पर बिलात लावता येत नाही. लावला असेल तर काढायला सांगता येतं. टीप मात्र हातात द्या. ती तुमच्या मर्जीची.

आता शेवटच्या सूचना. कपडे नेहमीच्या समारंभाला घालतो ते, सुती साडी चालेल, पायात मात्र आवाज करणारी रबरी चप्पल नको. दुपारी हलकं जेवा. घरून डबा आणू नका. हे मी मुद्दाम कोणाकडे बघून म्हणत नाहीये. बस रविवारी दोन वाजता गेटवर लागेल. आणि ज्या चौघींनी नावं मागे घेतलीत त्यांच्या जागा मी सेक्रेटरींना मंगळवारपर्यंत रिकाम्या ठेवायला सांगितल्यात. माझ्या टेबलावर बसा. ओतायचं काम माझ्याकडे.