ऑस्ट्रेलियाचे इतिहासग्रंथ आणि एक दीर्घ मौन



ऑस्ट्रेलिया म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कांगारू, मेंढ्यांचे कळप आणि क्रिकेटचे सामने उभे राहतात. मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झालेल्या आप्तांमुळें या खंडाशीं कितीएक मराठी घरांचा निकटचा संबंधही जडला आहे. परंतु त्या देशानें स्वतःविषयीं काय लिहून ठेविलें आहे, हें आपणांस फारसें ठाऊक नसतें. आज तेथील कांहीं निवडक ग्रंथांचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम असे दोन ग्रंथ घेऊं, कीं ज्यांचीं नांवें म्हणींसारखीं लोकांच्या तोंडीं बसलीं. १९६६ सालीं जेफ्री ब्लेनी यांनीं 'द टिरनी ऑफ डिस्टन्स', म्हणजे 'अंतराचा जुलूम', हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १७८७ च्या मे महिन्यांत इंग्लंडहून निघालेल्या अकरा जहाजांस ऑस्ट्रेलियाचा किनारा गांठण्यास आठ महिने लागले. इतक्या दूरच्या वसाहतीनें कोणता माल विकावा? वजनाच्या मानानें ज्याला किंमत अधिक, तोच. लोकर तशी होती. म्हणून मेंढी ही त्या देशाची लक्ष्मी ठरली, असें ब्लेनी दाखवितात.

त्यापूर्वी १९६४ मध्यें डोनाल्ड हॉर्न यांचें 'द लकी कंट्री' निघालें. या 'भाग्यवान देशा'चें वैभव पुढाऱ्यांच्या कर्तृत्वाचें नसून नशिबाचें आहे, असा त्यांचा उपरोध होता. लोकांनीं उपरोध सोडला आणि नांव तेवढें स्तुति म्हणून उचललें! हॉर्न यांना त्याचा विषाद अखेरपर्यंत वाटत राहिला. याच गृहस्थांनीं १९६१ सालीं 'बुलेटिन' पत्राचे संपादक होतांच, 'ऑस्ट्रेलिया गोऱ्यांसाठीं' अशा अर्थाचें त्या पत्राचें ब्रीद काढून टाकलें. १९०१ च्या कायद्यानें आशियांतील लोकांस बंद झालेलें दार १९७३ पर्यंत पुरतें उघडलें नव्हतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या कृतीचें मोल कळतें.

परंतु माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें प्रकरण एका रेडिओ-व्याख्यानमालेचें आहे. १९६७ सालीं झालेल्या सार्वमतांत शेंकडा नव्वदांहून अधिक मतदारांनीं मूळ रहिवाशांविषयींचीं भेदाचीं कलमें घटनेंतून काढण्यास अनुमति दिली होती. देशाला स्वतःच्या औदार्याचें समाधान वाटत असतांनाच, पुढील वर्षीं मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनीं नभोवाणीवर 'बॉयर व्याख्यानें' दिलीं. त्यांनीं देशाच्या इतिहासावरील व समाजावरील मान्यवर ग्रंथ चाळले, आणि मूळ रहिवाशांविषयीं त्यांत काय आहे तें पाहिलें. जवळजवळ कांहींच नव्हतें. एकादा लेखक विसरला असता तर ती नजरचूक म्हणतां आली असती. सर्वच विसरले, तेव्हां ती नजरचूक राहिली नाहीं. स्टॅनर यांनीं तिला 'महान ऑस्ट्रेलियन मौन' असें नांव दिलें.

हें मौन मोडणाऱ्यांत हेन्री रेनल्ड्स अग्रभागीं होते. टाउन्सव्हिल येथें अध्यापन करीत असतां त्यांनीं जुनीं वृत्तपत्रें, वसाहतवाल्यांचीं पत्रें, सरकारी अहवाल आणि वृद्धांच्या आठवणी धुंडाळून १९८१ मध्यें 'दि अदर साइड ऑफ द फ्रंटियर' हा ग्रंथ सिद्ध केला. सरहद्दीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला गोऱ्यांचें आगमन कसें दिसलें, हा त्याचा विषय. त्या झगड्यांत निदान वीस हजार मूळ रहिवासी मारले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. २००२ सालीं कीथ विंडशटल यांनीं या पंथाच्या इतिहासकारांवर पुरावा फुगविल्याचा आरोप केला. वाद कडू झाला खरा. परंतु त्यामुळें एकेक तळटीप पुन्हां तपासली गेली.

रेनल्ड्स यांच्याच विद्यापीठांत एडी माबो नांवाचे गृहस्थ माळीकाम करीत. त्यांचें मूळ गांव टॉरेस सामुद्रधुनींतील मेर बेटावर. तेथील आपली वडिलोपार्जित जमीन कायद्याच्या दृष्टीनें आपली नसून सरकारची आहे, हें रेनल्ड्स व त्यांचे सहकारी नोएल लूस यांच्याशीं बोलतां बोलतां त्यांना प्रथम समजलें. ऐकून ते थक्क झाले. १९८२ मध्यें दावा लागला. ३ जून १९९२ रोजीं सर्वोच्च न्यायपीठानें 'ही भूमि कोणाचीच नव्हती' ही कल्पना फेटाळून मूळ रहिवाशांचा हक्क मान्य केला. माबो मात्र त्याच वर्षीं जानेवारींत निवर्तले होते.

निसर्गावरील ग्रंथांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपानें आढळतो. १८५९ मध्यें शिकारीच्या हौसेसाठीं व्हिक्टोरिया प्रांतांत सोडलेल्या सशांनीं पुढें केवढा अनर्थ केला, तें एरिक रोल्स यांनीं १९६९ सालीं सांगितलें. बिल गॅमेज यांनीं २०११ मध्यें असें प्रतिपादिलें, कीं प्रथम आलेल्या प्रवाशांना जी भूमि एकाद्या सरदाराच्या उपवनासारखी भासली, ती निसर्गतः तशी नव्हती. योग्य ऋतूंत योग्य जागीं आग लावून मूळ रहिवाशांनीं ती तशी राखली होती. ब्रूस पॅस्को यांनीं २०१४ मध्यें त्यांना शेतकरीच ठरविलें. त्यावर पीटर सटन व केरिन वॉल्श यांनीं २०२१ मध्यें उत्तर दिलें, कीं शिकार व कंदमुळें यांवर चालणारें जीवनही ज्ञानानें तितकेंच संपन्न असतें. त्याला शेतीचें नांव देऊन थोरवी आणण्याचें कारण नाहीं. मला हें उत्तर अधिक पटतें.

मौन मोडलें म्हणजे एकमत होतें असें नाहीं. मूळ रहिवाशांचें सल्लागार मंडळ घटनेंत समाविष्ट करावें कीं नाहीं, यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजीं सार्वमत झालें, आणि शेंकडा साठांच्या आसपास मतें विरुद्ध पडलीं. तरीही आज 'आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें' असें म्हणण्याची सोय तेथील सुशिक्षितास राहिलेली नाहीं, आणि हें कार्य ग्रंथांनीं केलें आहे. ज्यांना हा विषय अभ्यासावयाचा असेल, त्यांनीं स्टॅनर यांच्या छोटेखानी व्याख्यानांपासून आरंभ करावा, आणि पुढें वादांतील दोन्ही पक्षांचे ग्रंथ जोडीनें वाचावेत. ज्यांची मुलेंबाळें त्या देशांत वाढत आहेत, त्यांना तर आपलीं घरें कोणाच्या भूमीवर उभीं आहेत, हें जाणून घेणें अगत्याचेंच आहे.