भूल आणि स्वमग्न मूल

किडलेला दात काढणे ही वस्तुतः किती क्षुल्लक गोष्ट! दहा-बारा वर्षांचा मुलगा दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो, आ करतो, थोडा विव्हळतो आणि तासाभरात घरी परततो. परंतु त्याच वयाचा स्वमग्न मुलगा पुष्कळदा त्या खुर्चीत बसतच नाही. डोळ्यांवरचा झोत, यंत्राची घरघर, अनोळखी बोटांचा ओठांना होणारा स्पर्श, हे सारे त्याला असह्य होते. म्हणून जेथे इतरांना हिरडीतील एक सुई पुरते, तेथे त्याला संपूर्ण भूल द्यावी लागते. मेंदूच्या एमआरआय तपासणीचीही हीच कथा.

आणि येथेच आईबापांचे मन कचरते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी कुटुंब असो, की बस्तरातून आलेले हलबा कुटुंब असो, प्रश्न एकच: आधीच आपल्यात मिटलेले हे मन भुलीच्या औषधाने आणखी मिटणार तर नाही ना? या धास्तीपायी दाताचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. मुलाला ‘दुखते’ म्हणता येत नाही. ते भिंतीवर डोके आपटते, आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात.

ही भीती अगदीच निराधार नव्हे. १८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला. १९४३ साली कॅनरने स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे प्राण्यांच्या नवजात पिलांवर प्रयोग झाले, तेव्हा दीर्घकाळ दिलेल्या भुलीने त्यांच्या मेंदूतील पेशी मरतात असे आढळले. त्यावरून २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालील बालकांना तीन तासांहून अधिक किंवा वारंवार भूल देण्याविषयी इशारा दिला. परंतु प्राण्यांची पिले आणि मनुष्याचे मूल यांत अंतर आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या ७२२ अर्भकांचा अनेक देशांत पाठपुरावा करण्यात आला. काहींना संपूर्ण भूल दिली होती, तर काहींना जागे ठेवून केवळ कमरेखालचा भाग बधिर केला होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. तैवानमधील पाहणीतही लहानपणी भूल मिळालेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. थोडक्या वेळच्या एका भुलीने स्वमग्नता जडते, याला पुरावा नाही. लांबलेल्या अथवा पुनःपुन्हा घ्याव्या लागणाऱ्या भुलीविषयी मात्र इतके छातीठोकपणे बोलता येत नाही. म्हणूनच दात, रक्ततपासणी, श्रवणचाचणी ही कामे शक्यतो एकाच भुलीत उरकण्यात शहाणपणा आहे.

खरी कसोटी असते ती भुलीच्या आधी आणि नंतर. जगदलपूरहून रायपूर सुमारे तीनशे किलोमीटर. रात्रभर मोटारीत घुसळून निघालेले मूल सकाळी उपाशीपोटी रुग्णालयात बसते. कारण भुलीपूर्वी सहा तास घन अन्न वर्ज्य असते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही. नेमक्या वेळी नेमके ताट मागणाऱ्या मुलाला हे उपोषण कसे समजावणार? त्याचे नाव यादीत पहिले घालणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. गुंगीचे औषध सरबतातून द्यावे, तर बदललेली चव त्याला लगेच कळते. अशा वेळी डेक्समेडेटोमिडीनसारखे औषध नाकावाटे देता येते. मिडाझोलामने काही मुले शांत होण्याऐवजी उलट खवळतात, हेही भूलतज्ज्ञ जाणतात. तोंडावर धरावयाचा मुखवटा आठवडाभर आधी घरी खेळायला मिळाला, तर तो शत्रू राहत नाही.

जागे होण्याचा क्षण याहून बिकट. सेव्होफ्लुरेनच्या भुलीतून उठताना साधी मुलेही कधीकधी बावचळून आक्रोश करतात. स्वमग्न मूल हातातील सुई उपटू लागते. आई त्यापूर्वीच खाटेशेजारी हवी. घरी ‘मंमं’ म्हटले की ताट पुढे येते. हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या परिचारिकेला त्याचा अर्थ कसा कळावा? आणि जे मूल रडत नाही त्याला वेदना नाही, असे मानण्याची चूक तर फार जुनी आहे.

रायपुरात १९६३ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ साली सुरू झालेली एम्स आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. तरी मूल कशाने घाबरते, कशाने शांत होते, भूक कोणत्या शब्दाने सांगते, हे तीन प्रश्न केसपेपरवर लिहायला कायदा लागत नाही, की पैसाही लागत नाही. फेफऱ्याची गोळी चालू असेल तर तीही तेथेच नोंदवावी. उपवासाच्या नावाखाली ती परस्पर बंद करू नये, भूलतज्ज्ञाला विचारून घोटभर पाण्याबरोबर द्यावी.

घरी गेल्यावर काही रात्री झोप मोडते, अंथरूण ओले होते. इतर मुलांतही हे घडते आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. भुलीला दोष देऊन पुढचा दात मात्र तसाच किडू देऊ नये.