पावर कोणाची, कशाची?

(जिल्हा मेळाव्यात कापूस-ज्वारी उत्पादकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला एका शब्दावर बोलायचे आहे. शब्द आहे पावर. हसू नका, मी कोणाच्या आडनावाबद्दल बोलत नाही. हा शब्द इंग्रजीतून आला आणि आपल्या घरातलाच होऊन बसला. चष्म्याला पावर, गोळीला पावर, बॅटरीला पावर, सरपंचालाही पावर. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द होते. जमिनीला कस होता, बैलाला जोर होता, पैलवानाला ताकद, पाटलाला अधिकार, दिल्लीला सत्ता. शब्द निराळे होते तोवर कोणती गोष्ट कोणाकडे आहे हे तरी कळत होते. सगळ्यालाच पावर म्हणू लागलो आणि एक हातात ठेवून दुसरी काढून घेतली तरी हिशेब लागेनासा झाला.

हॉर्सपावरचेच घ्या. अठराव्या शतकात जेम्स वॅटला आपले वाफेचे इंजिन विकायचे होते. गिऱ्हाईक घोड्यांकडून काम करून घेणारे. त्यांना समजावे म्हणून त्याने इंजिनाचे माप घोड्यांत सांगितले. आजच्या हिशेबात एक हॉर्सपावर म्हणजे ७४६ वॅट. आपली बैलजोडी दिवसभर वखरावर चालली तर एका हॉर्सपावरच्या आतबाहेरच. माणूस दिवसभर राबला तर त्याचा साधारण दहावा हिस्सा. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांना मात्र या कोष्टकात जागा नाही, आणि पीक घरात येते ते तिच्याच बोटांनी.

दुसरी पावर कृषी केंद्रात मिळते. 'भाऊ, जास्त पावरचे औषध द्या.' मी शेतीची पदवी घेतलेला माणूस आहे, म्हणून हे स्पष्ट सांगतो. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. औषध कितीही जहाल असो, दोन मिसळा नाहीतर चार मिसळा. अळी आत सुरक्षित, आणि पंप पाठीवर घेतलेला माणूस बाहेर उघडा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यावरचा तिकोन लाल असेल तर ते औषध अत्यंत विषारी, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. तिथे जास्त पावर म्हणजे माणसाला जास्त धोका.

कागदावरची पावरही एक आहे. पावर ऑफ ॲटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र. 'काका, तुम्ही कशाला तालुक्याला चकरा मारता, सही द्या, मी बघतो.' नुसत्या कुलमुखत्यारपत्राच्या व्यवहाराने जमिनीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. पण मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार लिहून दिला असेल, तर तो माणूस तुमच्या नावाने खरेदीखत करून मोकळा होतो. सही करण्याआधी घरातल्या शिकलेल्या पोरीकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या.

आता लाईनची पावर. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपावरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, मार्च २०२९ पर्यंत. माझा तिला विरोध नाही. पण या मांडवात हात वर करा, शेतात पंप किती जणांचा आहे? थोडेच हात दिसतात. आपण कोरडवाहूवाले. ज्याला विहीरच नाही त्याला मोफत विजेचा काय उपयोग? आणि पंपवाल्याला विचारा, लाईन येते रात्री, आणि तो बॅटरी घेऊन साप चुकवत पाणी द्यायला जातो. तरीही सरकारने शेतकऱ्याला पावर दिली असा बोर्ड तालुक्याच्या चौकात लागतोच.

मग आपल्याला कोणती पावर पाहिजे? व्यापाऱ्याकडे तिला नाव आहे: माल धरून ठेवण्याची ताकद. आज नाही विकत, म्हणण्याची ताकद.

सीतादही झाली, पहिली वेचणी घरात आली. त्याच आठवड्यात कृषी केंद्रवाला उधारी मागतो, वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते, दिवाळी दारात असते. कापूस ओला असतो. सीसीआय हमीभाव देते तो ८ टक्के ओलाव्याला. त्याच्या वर दर टक्क्याला भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर मालच घेत नाहीत. म्हणजे २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याला जाहीर झालेले क्विंटलला ८,११० रुपये आणि तुमच्या हातात पडलेले पैसे, यांच्यामध्ये काय आहे? काही दिवसांचे ऊन, पसरायला कोरडी जागा आणि तेवढे दिवस थांबायची ऐपत. ती नाही, म्हणून कापूस खेडा खरेदीत जातो आणि काट्यावर उभा असलेला माणूस भाव सांगतो. ज्वारीला तरी सोय आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्यावर सहा टक्क्यांनी सहा महिन्यांपर्यंत कर्ज घ्यायचे. किती बाजार समित्या ती मनापासून राबवतात, हे तुम्हीच आपापल्या ठिकाणी जाऊन विचारा.

पण नुसते धरून ठेवणे पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात लोकांनी त्याच आशेने घरात कापूस भरून ठेवला. पोरांना खाज सुटली, वजन घटले, आणि भाव काही परत तिथे गेला नाही. त्याला जगाच्या बाजारातली मंदी कारण होती, सगळा दोष सरकारचा नाही. पण १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते आधी ३० सप्टेंबरपर्यंत. मग मुदत वाढवली ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमकी आपली पहिली, दुसरी वेचणी बाजारात येण्याच्या वेळेला. एक अधिसूचना, दिल्लीतला एक कागद. भाव चढला तर उतरवायला कागद तयार असतो. उतरला तर म्हणतात, बाजार आहे. याला सत्ता म्हणतात. चार दिवस कापूस धरून ठेवणारा शेतकरी या कागदापुढे एकटा काहीच करू शकत नाही. मांडवात आपण इतके जण जमलो आहोत ते त्यासाठीच.

तेव्हा एक काम देतो. गावात एक वही करा. प्रत्येक घराचे तीनच रकाने: पहिली वेचणी कोणत्या तारखेला झाली, पहिला क्विंटल कोणत्या तारखेला विकला, आणि कोणाचे देणे भागवायला विकला. वही घरातली बाई भरेल, कारण देणे कोणाचे होते ते तिला बरोबर आठवते. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. आयात शुल्काबद्दलचे निवेदन आपण त्याच वहीतून लिहू. बाजार समितीच्या सचिवाला भेटायला जाताना वहीची झेरॉक्स बरोबर नेऊ.