मुका साक्षीदार



पोटापाण्यासाठी आम्ही मराठी मंडळी कलकत्त्यास आलो आणि याच शहराची झालो. तथापि, जगातील पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय १८९७ साली येथेच स्थापन झाले, हे आमच्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. बोटांच्या ठशांचे १,०२४ वर्ग पाडणाऱ्या पद्धतीस एडवर्ड हेन्री यांचे नाव मिळाले. तिच्यामागे अझीझुल हक यांचे गणित आणि हेमचंद्र बोस यांचे परिश्रम होते.

त्याच वर्षी जलपाईगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या अवस्थेत आढळला. पैसे नाहीसे झाले होते. कागदपत्रांच्या पेटीत एक बंगाली पंजिका, म्हणजे आपले पंचांग, सापडली. तिच्यावर दोन तपकिरी डाग होते. भिंगाखाली त्यांतील एक डाग उजव्या अंगठ्याचा ठसा ठरला. पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या नोंदलेल्या ठशाशी तो जुळला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असा अभिप्राय रसायनतज्ज्ञाने दिला.

एका पंजिकेवर असे तीन प्रकारचे पुरावे एकवटले होते. वस्तूने स्थळ सांगितले, ठशाने माणूस सांगितला, रक्ताने प्रसंग सुचविला. मात्र प्रत्यक्ष वार पाहणारा कोणी नव्हता. १८९८ साली न्यायालयाने चोरी सिद्ध मानली आणि खुनाबाबत संशयाचा फायदा दिला. शिक्षा झाली दोन वर्षांची.

हा निकाल काहींस अपुरा वाटेल. आम्हांस तो विवेकाचा वाटतो. हात कोठे लागला, हे ठसा सांगतो; त्या हाताने आणखी काय केले, हे त्याला सांगता येत नाही. मानवी रक्त निश्चित ओळखण्याची कसोटी १९०१ साली आली, डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत १९८४ साली. तरीही प्रत्येक पुराव्याची मर्यादा जाणण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे.

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत आहे. परंतु तज्ज्ञ येण्यापूर्वी तेथे आपणच असतो. घरफोडी झाली की आपण प्रथम कपाट आवरतो, कडी पुसतो, शेजाऱ्यांस आत बोलावतो. तसे करू नये. दार लोटून घ्यावे आणि पोलिसांची वाट पाहावी. मुक्या साक्षीदाराला बोलता येते; फक्त आपण त्याचे तोंड पुसून टाकू नये, एवढीच विनंती.