फवारणीआधी पान उलटून पाहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीची पानं लाल पडली की आपण रोग आला म्हणून दुकान गाठतो. दुकानदार बाटली काढून देतो. पण लाल्या हा बहुतेक वेळा रोग नसतोच. मॅग्नेशियम कमी पडलेलं असतं, नाहीतर पानाखाली तुडतुडे रस शोषत असतात. पान उलटून न पाहता फवारलं की पैसे जातात आणि पान लालच राहतं.

खिशातल्या मोबाईलचंही तेच चाललं आहे. गेल्या वर्षी माझ्या फोनवर न बोलावता जाहिराती येऊ लागल्या. फोन तापायचा, दुपारीच बॅटरी संपायची. दुकानदार म्हणाला, "व्हायरस आहे, सगळं पुसावं लागेल, पाचशे रुपये." पुतणी म्हणाली, "काका, आधी सेफ मोड लावून पाहा."

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बंद करायचं बटण दाबून धरा. 'पॉवर ऑफ' दिसलं की त्यावर बोट दाबून ठेवा. सेफ मोडचं विचारलं की हो म्हणा. आता आपण टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. माझ्या जाहिराती थांबल्या. म्हणजे दोष फोनचा नव्हता, मीच टाकलेल्या कुठल्यातरी अ‍ॅपचा होता. फोन पुन्हा नेहमीसारखा चालू केला आणि अलीकडे टाकलेली अ‍ॅप एकेक काढत गेलो. फुकटच्या टॉर्चचं अ‍ॅप काढलं, फोन सुधारला. खर्च शून्य.

फोन मंद झाला तर आधी जागा भरली आहे का बघा. चार्जिंगला लावल्यावरच पडदा आपोआप हलत असेल तर चार्जर बदलून पाहा. पाठ फुगली असेल तर मात्र बॅटरी बिघडली आहे. चार्जिंग बंद करा आणि ती बदला.

आता खरी कीड. 'पीएम किसान'च्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते, नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती उघडून टाकली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी चोराला दिसतो. कापसाच्या पट्टीचे खात्यात आलेले पैसे घटकेत जातात. अशा अ‍ॅपचं चिन्ह पडद्यावरून गायबही होतं. सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीत शोधावं लागतं.

चुकून टाकलंच, तर लाजू नका. फोन लगेच विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच वेळी १९३० ला तक्रार द्या. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडण्याची आशा जास्त. अ‍ॅप त्यानंतर काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये त्याला दिलेला 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'चा अधिकार आधी काढून घ्या. सगळं पुसणं हा शेवटचा उपाय, आणि तोही फोटो-कागद दुसरीकडे ठेवल्यावर.

पावतीशिवाय बियाणं घेऊ नका, हे आपण गावोगाव सांगतो. मग कुणी पाठवलं ते ठाऊक नसलेली फाईल फोनमध्ये का पेरायची? आज उठण्याआधी प्रत्येकानं आपल्या फोनमधली अ‍ॅपची यादी एकदा वाचावी. जे आपण पेरलं नाही आणि फोनसोबतही आलं नाही, ते तण समजावं.