अवताराची मुद्रा आणि माणसाचा भाव



‘अवतार’ हा शब्द पुराणांतून आपल्या ओठी आला. तोच आज संगणकाच्या पडद्यावर माणसाच्या वतीने वावरणाऱ्या आकृतीला लावतात. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतील ‘हॅबिटॅट’ या खेळात तो या अर्थाने योजला गेला. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ने तो सर्वतोमुखी केला. पुणे–सोलापूर महामार्गावरील लोणी देवकरचा विद्यार्थी आणि परदेशातील विद्यार्थी अशा सामाईक आभासी विश्वात एकाच फळ्यासमोर उभे राहू शकतात. मात्र त्यांतील एखादा मनातून खचला, तर शिक्षकाला ते कळावे कसे?

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. पहिले तीन अवताराला साधतात. कळ दाबताच हात हलतो, ध्वनिग्राहकातून आवाज पोहोचतो, आणि वेशभूषेला तर तोटाच नाही! चेहरा निश्चल असला तरी बिघडत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीची कळसूत्री बाहुली पाहावी. तिचा लाकडी चेहरा बदलत नाही; परंतु मान किंचित झुकली, सूत्रधाराचा स्वर उतरला, की प्रेक्षकाला शोक दिसू लागतो. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आभासी विश्वाच्या रचनाकारांनी त्यांच्याकडून पुष्कळ शिकावे.

अडचण आहे ती सात्त्विक अभिनयाची. अश्रू, रोमांच, कंप, स्वरभंग हे कळ दाबून येत नाहीत. उलट हसरी मुद्रा निवडून रडणारे मूल तिच्याआड लपू शकते. म्हणून अशा वर्गात शिक्षकाने मुद्रेवर विसंबू नये. मुलाला बोलते करावे, त्याचा आवाज ऐकावा.

यावर यंत्रनिर्मात्यांनीही उपाय शोधला. २०२२ मध्ये आलेल्या ‘क्वेस्ट प्रो’ या डोक्यावर चढविण्याच्या उपकरणात डोळे व चेहरा टिपणारे कॅमेरे होते. माणसाची भुवई उंचावली की अवताराचीही उंचावे. पण स्नायूंची हालचाल म्हणजे भावना नव्हे. संकोचानेही माणूस हसतो. शिवाय मुलाच्या चेहऱ्याची नोंद ही त्याची खासगी माहिती ठरते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची अशी माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. तेव्हा अशी उपकरणे शाळेत आणण्याचा प्रस्ताव आला, तर शाळा व्यवस्थापन समितीने आणि पंचायत सदस्यांनी किमतीआधी हे विचारावे : चेहऱ्याच्या नोंदी कोठे साठतात, किती दिवस राहतात, आणि चेहरा टिपणे बंद ठेवूनही वर्ग चालतो काय?