परमुलखातील आप्त



आपले राजूर हे यात्रेचे गाव. अंगारकी चतुर्थीला दूरदूरची माणसे गणपतीच्या दर्शनाला येतात. त्यांना तांब्याभर पाणी देणे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु यात्रेकरू दर्शन घेऊन आपल्या घरी परततो. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाचे तसे नसते.

जालन्याच्या लोखंड-कारखान्यांत परप्रांतांतील पुष्कळ मजूर राबतात. २०२० साली टाळेबंदीत काम थांबले, तेव्हा मध्य प्रदेशातील काही मजूर जालन्याहून रेल्वेरुळांच्या कडेने पायी निघाले. थकून ते रुळांवरच झोपले. ८ मे रोजी पहाटे, बदनापूर व करमाडच्या दरम्यान, त्यांपैकी १६ जण मालगाडीखाली सापडून मरण पावले. अशा वेळी “थांबा” म्हणणारे एखादे घर जवळ असावे, असे राहून राहून वाटते.

आपलीही माणसे बाहेर जातात. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील कितीतरी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. सोबतचे मूल मात्र कोणाच्याच मोजणीत येत नाही. त्याची शाळा सुटते ती पुष्कळदा कायमचीच.

इ. स. ६२२ मध्ये हिजरत झाली. मक्का सोडून आलेल्या मुहाजिरांना पैगंबरसाहेबांनी मदीनेतील अन्सारांशी भाऊ म्हणून जोडून दिले. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. एकाने मन मोठे केले, दुसऱ्याने स्वाभिमान राखला. परमुलखात नाते जुळते ते अशा दोन्ही बाजूंनी.

पालकहो, तोडीला जाणे भाग असेल तर मुलाला आजी-आजोबांपाशी ठेवा. हंगामी वसतिगृहाची चौकशी दिवाळीपूर्वीच मुख्याध्यापकांकडे करा. गावी राहणाऱ्यांनी शेजारच्या अशा मुलाला आपल्या मुलांच्या पंगतीत बसवावे, त्याचा अभ्यासही विचारावा.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही पुण्या-मुंबईला जाल, कोणी आखातात जाल. तेथे शेजाऱ्याचे नाव पहिल्या दिवशीच विचारा. आज आपल्या गावात कामाला आलेल्या परक्या मजुराचेही नाव विचारा. आईवडिलांची जागा कोणी घेऊ शकत नाही. पण आजारपणात उशाशी बसणारा माणूस रक्ताचा नसला तरी आप्तच होय.